‘मला आवडत नाही’ आणि ‘हे चूक आहे’ यांत फरक काय? गडचिरोलीच्या दारूबंदीतून समजून घेऊ

गडचिरोलीची दारूबंदी ठेवावी की उठवावी? २०२१ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातली बंदी उठली आणि हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. तेव्हापासून फेसबुकवर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय निघाला की दहा मिनिटांत दोन गट पडतात. एक म्हणतो, "दारू वाईटच, विषय संपला." दुसरा म्हणतो, "बंदी कुठे आहे? गावोगाव मिळते. मग नाटक कशाला?"

नीट पाहिलं तर हे दोन गट एकाच प्रश्नाची उत्तरं देत नाहीत. पहिला गट ‘हे योग्य आहे का’ याबद्दल बोलतो, दुसरा ‘हे चालतंय का’ याबद्दल. त्यामुळे वाद कितीही वेळ चालला तरी कुणाचंच मत बदलत नाही.

एखाद्या गोष्टीला तत्त्वासाठी विरोध करणं म्हणजे काय, तो विरोध खरा कधी आणि नुसता आव कधी, आणि माझं तत्त्व कायदा म्हणून सगळ्यांना लागू व्हावं का, हे समजून घ्यायला गडचिरोलीइतकं चांगलं उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

कुरखेड्यातून हा प्रश्न कसा दिसतो?

कुरखेडा हे गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडचं, सती नदीच्या काठावरचं तालुक्याचं ठिकाण. धानाची शेती आणि भोवती जंगल. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफूल वेचायचं, मग तेंदूपत्ता तोडायचा, हे इथल्या घरांचं वार्षिक गणित.

नकाशा पाहिला की दारूबंदीची अडचण लगेच लक्षात येते. कुरखेड्याला लागून गोंदिया जिल्हा आहे, तिथे परवान्याची दारू मिळते. पलीकडे कोरची तालुका ओलांडला की छत्तीसगड. वडसा, म्हणजे देसाईगंज, गाठून वैनगंगा पार केली की चंद्रपूर जिल्ह्यातलं ब्रह्मपुरी. म्हणजे बंदी असलेल्या या तालुक्याच्या आसपास बंदी नसलेला मुलूख आहे. शिवाय जंगलात मोहाची झाडं आहेत, आणि मोहफुलाचा सडवा घालून दारू काढायला कुठल्याही कारखान्याची गरज पडत नाही.

याच भागातून आणखीही एक प्रकारची बातमी येत राहते. गावातल्या बाया एकत्र येतात, सडव्याचे ड्रम शोधून काढतात आणि ओतून देतात. कधी सोबत पोलीस असतात, कधी नसतात. ज्या बंदीला शहरातले लोक ‘कागदावरची’ म्हणतात, ती टिकवण्यासाठी या बाया स्वतःच्याच गावातल्या, कधी नात्यातल्या माणसाशी वैर घेतात. ही किंमत मोजायला त्या का तयार होतात?

तत्त्वाचा विरोध म्हणजे नेमकं काय?

आपण रोज अनेक गोष्टींना विरोध करतो. पण त्यामागची कारणं साधारण तीन प्रकारची असतात.

पहिलं कारण म्हणजे हित. माझ्या घरासमोर दारूचं दुकान नको, कारण मला त्रास होतो. दुकान दोन गल्ल्या पुढे गेलं की माझा विरोध संपतो. यात वाईट काही नाही, पण हा तत्त्वाचा विरोध नाही.

दुसरं कारण म्हणजे परिणाम. दारूमुळे अपघात होतात, घरं कर्जात बुडतात, म्हणून विरोध. हा विरोध आकड्यांवर उभा असतो. उद्या आकडे वेगळं बोलले तर तो बदलायला हवा.

तिसरं कारण म्हणजे तत्त्व. इथे माणूस म्हणतो की ही गोष्ट मुळातच अन्याय्य आहे. माझा फायदा झाला तरी, आणि ती रोखता आली नाही तरी.

साने गुरुजींचं उदाहरण घ्या. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केलं. त्यांना स्वतःला मंदिरात जायला कुणीच अडवलं नव्हतं. वैयक्तिक लाभ शून्य होता. जे दार दुसऱ्या माणसाला जन्मामुळे बंद आहे, ते बंद ठेवणं चूक, एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि त्यासाठी ते प्राण पणाला लावायला तयार होते.

प्रत्यक्षात ही तीन कारणं एकमेकांत मिसळलेली असतात, गडचिरोलीतही तशीच आहेत. पण ती वेगळी करून पाहिली नाहीत तर वादाचा गुंता सुटत नाही.

गडचिरोलीत दारूबंदी आली कशी?

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. १९८० च्या दशकाच्या शेवटी इथे दारूमुक्तीचं आंदोलन सुरू झालं. ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग, जिल्ह्यातल्या इतर संस्था-संघटना, गावोगावच्या महिला आणि ग्रामसभा त्यात उतरल्या. अनेक वर्षांच्या सभा, मोर्चे आणि ठरावांनंतर १९९३ मध्ये सरकारने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली.

महाराष्ट्रात त्याआधी वर्धा जिल्ह्यात दारूबंदी होती. तिथे कारण गांधीजींचं होतं. गडचिरोलीत महापुरुषाचा वारसा हे कारण नव्हतं. इथे लोकांनी मागून घेतलेली बंदी होती.

या मागणीला जमीनही तयार होती. विदर्भातल्या खेड्यांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ आणि गुरुदेव सेवा मंडळाची भजनं घराघरांत पोचलेली. व्यसन सोडणं हा गावाच्या उद्धाराचा भाग, ही भाषा इथल्या माणसाला नवी नव्हती. त्याही आधी, १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी शहरात दारूची दुकानं वाढवण्याला लेखी विरोध केला होता. दारूच्या विरोधाची मराठी परंपरा अशी जुनी आहे, आणि ती फक्त सोवळ्या-ओवळ्याची नाही.

बायकांचा मुद्दा नेमका कोणता?

‘दारू पिणं पाप आहे’ हे एक नैतिक विधान आहे. ‘त्याने प्यायली की मार मी खाते’ हे दुसरं. दोन्हीही दारूच्या विरोधातच आहेत, पण त्यांचं वजन सारखं नाही.

इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ या पुस्तकात दारूबंदीला विरोधच केला होता. त्याचं म्हणणं असं की प्रौढ माणसाच्या स्वातंत्र्यावर समाजाने फक्त एकाच कारणासाठी बंधन घालावं, ते म्हणजे दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठी. त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी नाही.

मिलची ही कसोटी गडचिरोलीच्या बायकांना लावून पाहा. नवऱ्याचं यकृत हा त्यांच्या तक्रारीतला छोटा भाग. मोठा भाग हा की धान विकून आलेला पैसा घरी पोचत नाही, पोराची फी भरली जात नाही, रात्री घरात थांबायची भीती वाटते. पिणारा एक असतो आणि भोगणारे चार. ‘पिणं हा माझा खासगी प्रश्न’ हे वाक्य ज्या घरात एकच खोली आहे, तिथे किती खरं ठरतं?

या आंदोलनात आणखी एक तत्त्व होतं, ज्याकडे चर्चेत दुर्लक्ष होतं. ते पिणाऱ्याविरुद्ध नाही, सरकारविरुद्ध आहे. लोकांच्या व्यसनातून सरकारने महसूल कमवू नये, हे ते तत्त्व. एका हाताने परवाने द्यायचे, कर गोळा करायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच गावात विकासाच्या योजना न्यायच्या, यात या लोकांना ढोंग दिसतं. गावात चोरून दारू विकली जाते म्हणून हा आक्षेप खोटा ठरत नाही. चोरी होते म्हणून सरकारने चोरीचे परवाने द्यावेत, असं कुणी म्हणत नाही, हे त्यांचं उत्तर असतं.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

बहुतेकांना माहीत नसतं, पण महाराष्ट्रात दारूचा मूळ कायदाच ‘दारूबंदी कायदा’ आहे, १९४९ चा. कागदोपत्री मुंबई-पुण्यातही दारू प्यायला परवाना लागतो. बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद, अशी या कायद्याची रचना आहे. परवाने द्यायचेच नाहीत असं एखाद्या जिल्ह्यासाठी ठरलं की तिथे ‘दारूबंदी’ झाली.

राज्यघटनेचं कलम ४७ सांगतं की औषधी उपयोग सोडून मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा राज्याने प्रयत्न करावा. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, म्हणजे त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. पुढे १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीज खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं की दारूचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कुणालाही नाही.

गावाच्या पातळीवरही दोन साधनं आहेत. एक म्हणजे ‘उभी बाटली, आडवी बाटली’. ठरावीक संख्येने मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं, आणि निम्म्याहून जास्त मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. इथे मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या पुरत नाहीत, एकूण मतदारांच्या निम्म्या लागतात. म्हणून कितीतरी गावांत मतं भरपूर पडूनही बाटली उभीच राहते.

दुसरं साधन ‘पेसा’. कुरखेडा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, किंवा त्यांची विक्री आणि सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार दिला आहे. ‘बंदी किंवा नियंत्रण’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण दारूबंदीवरचा सर्वात अवघड आक्षेप इथूनच सुरू होतो.

आक्षेप पहिला: मोहाचं काय?

गोंड समाजात मोह हे नुसतं झाड नाही. फूल खाल्लं जातं, वाळवून साठवलं जातं, विकलं जातं, आणि त्याची दारू देवाला वाहिली जाते. जन्म, लग्न, मरण या प्रसंगी तिला जागा आहे. मग बाहेरच्यांनी येऊन ‘दारू वाईट’ म्हणणं हे तत्त्व की वर्चस्व?

हा प्रश्न झटकण्यासारखा नाही. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याने १८९२ मध्ये ठाणे-कुलाबा भागात मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला होता. त्यामागे नैतिकता कमी आणि महसूल जास्त होता. लोकांनी घरी दारू काढली तर सरकारी मक्त्याची कोण विकत घेणार? आजही शेजारच्या छत्तीसगडमध्ये आदिवासी कुटुंबांना घरगुती वापरासाठी मर्यादित मोहाची दारू काढायची सूट आहे. सीमेच्या अलीकडे तेच काम गुन्हा ठरतं.

पण ‘दारूविरोध म्हणजे आदिवासींवर लादलेली शहरी नैतिकता’ हेही पूर्ण खरं नाही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांपासून सुरू होऊन दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात एक लाट पसरली. इतिहासात ती ‘देवी आंदोलन’ म्हणून ओळखली जाते. अंगात आलेल्या देवीने दारू सोडा, असं सांगितलं आणि हजारो आदिवासींनी ती सोडली. त्यात दारूचे दुकानदार आणि सावकार यांच्या पकडीतून सुटण्याची धडपड होती. गडचिरोलीतही सडवा ओतणाऱ्या बायांमध्ये आदिवासी बाया आहेतच. समाजाची परंपरा कोणती, हे त्या समाजातले पुरुषच ठरवणार का, हा त्यांचाही प्रश्न आहे.

आक्षेप दुसरा: बंदीने दारू थांबते का?

अमेरिकेने १९२० मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून देशभर दारूबंदी आणली आणि १९३३ मध्ये ती मागे घेतली. मधल्या काळात चोरटी दारू विकणाऱ्या टोळ्या गब्बर झाल्या. बंदीविरोधक हे उदाहरण नेहमी देतात.

आपल्याकडचं उदाहरण चंद्रपूरचं. तिथे श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने महिलांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. सहा वर्षांनी, २७ मे २०२१ रोजी, राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. माजी प्रधान सचिव रमानाथ झा यांच्या समितीचा अहवाल त्यासाठी आधार धरला गेला. अवैध दारू वाढली, गुन्हेगारी वाढली, बायका-मुलं या धंद्यात ओढली गेली, महसूल बुडाला, अशी कारणं दिली गेली. बंदीच्या समर्थकांनी उलट विचारलं, की अंमलबजावणी सरकारने करायची होती, ती झाली नाही म्हणून शिक्षा बायकांना का?

इथे दोन्ही बाजू एक चूक करतात. समर्थकांना आकडे अडचणीचे वाटले की ते म्हणतात, ‘हा तत्त्वाचा प्रश्न आहे’. तत्त्वावर प्रश्न आला की म्हणतात, ‘बघा, आकडे आमच्या बाजूने आहेत’. विरोधकही तेच उलट दिशेने करतात. सरकारने दारूतून कमवू नये, हे तत्त्व आकड्यांनी पडत नाही. पण बंदीमुळे बायकांना होणारा त्रास कमी झाला का, हा प्रश्न फक्त आकड्यांनी आणि त्या बायकांना विचारूनच सुटतो. तिथे तत्त्वाची ढाल चालत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली यांत फरक काय?

चंद्रपूर हा कोळसा खाणी, वीज केंद्र आणि मोठ्या शहरांचा जिल्हा. तिथली बंदी बंद दुकानं आणि पोलिसांवर टेकलेली होती. गडचिरोलीत मात्र ग्रामसभा हा वेगळा आधार आहे.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे त्याचं नाव देशभर पोचलं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. तिथे बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एखाद्याला पटलं नाही तर पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं.

हे वेळखाऊ आहे. पण तत्त्वाच्या प्रश्नात त्याचा मोठा फायदा असतो. बहुमताने हरलेला माणूस नियम चोरून मोडतो. ज्याला हो म्हणेपर्यंत गाव थांबलं, त्याला तो नियम आपलाही वाटतो. आणि देवाच्या पूजेपुरती मोहाची दारू चालेल का, असा अवघड प्रश्न मुंबईच्या कायद्यापेक्षा गावच्या बैठकीत जास्त शहाणपणाने सुटू शकतो.

२०१६ पासून राज्य सरकार, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ हे दारू आणि तंबाखू नियंत्रणाचं अभियान चालवलं, त्याचाही भर गाव संघटनांवर आहे. त्यात व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी उपचाराची सोय आहे, आणि निवडणुकीत दारू वाटणाऱ्या उमेदवाराला मत न देण्याचे ठरावही गावांनी केले आहेत. पिणाऱ्याला नुसतं दोषी न ठरवता त्याला सुटायला मदत करणं, हा इथे महत्त्वाचा भाग आहे.

मग खरा तत्त्वाचा विरोध ओळखायचा कसा?

चर्चेत कुणी ‘हा माझ्या तत्त्वाचा प्रश्न आहे’ म्हटलं, किंवा आपण स्वतः म्हटलं, तर चार प्रश्न विचारून पाहावेत.

तो स्वतःला लागू होतो का? मोहाच्या हातभट्टीला विरोध, पण लग्नात इंग्लिश दारू चालते, असं असेल तर तो विरोध दारूला नाही, गरिबाच्या दारूला आहे.

त्याची किंमत कोण मोजतो? सडवा ओतणारी बाई शेजाऱ्याचा राग ओढवून घेते. ‘बंदी हवीच’ अशी पोस्ट टाकणाऱ्याला काय सोसावं लागतं? पोस्ट टाकू नये असं नाही, पण दोन्हीला एकच माप लावू नये.

ज्याच्यासाठी विरोध चाललाय, त्याला विचारलंय का? बायकांसाठी बंदी हवी म्हणणाऱ्यांनी आणि आदिवासींसाठी ती उठवा म्हणणाऱ्यांनीही.

पर्याय काय दिला? मोहफूल हे गरीब घराचं उत्पन्न आहे. दारू काढून विकणारी बाई अनेकदा विधवा किंवा भूमिहीन असते. तिच्या चुलीचं काय, याचं उत्तर नसलेलं तत्त्व तिच्या दृष्टीने अर्धवट असतं. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफूल गोळा करणं, साठवणं आणि त्याची वाहतूक यांवरचे जुने निर्बंध हटवले. त्यामुळे मोहाचे लाडू, सरबत, जाम असे पदार्थ करून विकण्याची वाट मोकळी झाली. ती वाट बाजारापर्यंत पोचली, तर दारू न काढण्याचा निर्णय घेणं या बाईला थोडं सोपं जाईल.

या चारही प्रश्नांना गडचिरोलीतल्या आंदोलनाची उत्तरं सगळीकडे सारखी चांगली नाहीत. पहिल्या तीन प्रश्नांवर ते बहुतेक गावांत खरं उतरतं. चौथ्यावर अजून बरंच काम बाकी आहे.

गडचिरोलीत बंदी आजही कायम आहे आणि ती उठवायची मागणीही अधूनमधून होत राहील. पुढच्या वेळी हा वाद तुमच्या ग्रुपवर आला की उत्तर देण्याआधी एवढंच पाहा, की समोरचा ‘हे योग्य आहे का’ विचारतोय की ‘हे चालतंय का’. दोन्ही प्रश्न खरे आहेत. फक्त एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊन चालत नाही.